वैद्यकीय उपकरण कंपनीची विक्री 'पुढच्या सहामाहीत': हे किती वेळा ऐकायचं?

धायरीकर

नमस्कार मंडळी,

एनएसई इमर्जवरच्या (छोट्या-मध्यम कंपन्यांचा शेअर मंच, म्हणजे एसएमई मंच) एका छोट्या कंपनीबद्दल विचारायचंय. नाव मुद्दाम देत नाही, प्रश्न त्या एका कंपनीपुरता नाही. जुना धंदा सक्शन मशीन, सलाईन स्टँड, ट्रॉली वगैरे. आयपीओतला बराचसा पैसा सिरिंज पंप आणि इन्फ्युजन पंप (रुग्णाला ठरावीक वेगाने औषध देणारी यंत्रं) बाजारात आणायला घेतला. विक्री पहिल्याच वर्षात सुरू होणार होती, ती आता तिसऱ्यांदा पुढे गेलीय. आधी कारण होतं "परवाना प्रक्रिया सुरू आहे", मग "ईएमसी चाचणीनंतर किरकोळ बदल", आणि आता "सरकारी निविदांचं वेळापत्रक". मधल्या काळात घोषणा मात्र दणक्यात: एका वितरकाशी २,००० पंपांचा सामंजस्य करार, प्रदर्शनात स्टॉल, युरोपात उतरायची तयारी.

ताज्या सहामाहीत विक्री जिथल्या तिथे, येणी (ग्राहकांकडून यायचे पैसे) वाढलेली, आणि 'इंटँजिबल असेट्स अंडर डेव्हलपमेंट' नावाखाली मोठा आकडा बसलाय. भाव निम्म्यावर आलाय.

जाणकारांनी सांगावं: या धंद्यात एवढा उशीर नेहमीचा असतो का? आणि खरा उशीर आणि टोलवाटोलवी यातला फरक बाहेरच्या माणसाने कागदांवरून कसा ओळखायचा? इथे आणखी लॉट (शेअरचे ठरावीक गठ्ठे) घेऊन सरासरी खाली आणावी का, हाही विचार आहे.

नियमपुस्तक

उशीर नेहमीचा असतो. पण त्याला टप्पे असतात, आणि कंपनी नेमकी कुठल्या टप्प्यावर आहे हे सांगता येत नसेल तर ती तिथे नसतेच, असं धरून चाला.

इन्फ्युजन पंप आणि सिरिंज पंप आपल्याकडे 'क' वर्गात येतात, म्हणजे क्लास सी. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ प्रमाणे 'ए' आणि 'बी' वर्गाचा उत्पादन परवाना राज्याचं एफडीए (अन्न व औषध प्रशासन) देतं (नमुना एमडी-५), 'सी' आणि 'डी' वर्गाचा दिल्लीहून सीडीएससीओ, म्हणजे केंद्राची औषध नियंत्रण संस्था, देतं (नमुना एमडी-९). तुमच्या कंपनीकडे जुन्या मालाचा एमडी-५ असेल आणि तोच ती "आमच्याकडे परवाना आहे" म्हणून दाखवत असेल, तर त्या कागदावर पंप विकता येत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून 'सी' आणि 'डी' वर्गाला परवाना सक्तीचा आहे. त्याआधीची ऐच्छिक नोंदणी वेगळी गोष्ट होती, तिचा क्रमांक अजून काही माहितीपत्रकांत मिरवतो.

क्रम असा. आधी एमडी-१३, हा चाचणीपुरता उत्पादनाचा परवाना. तो हातात आल्यावर नमुने बनवायचे आणि चाचण्या करायच्या. मग एमडी-७ अर्ज, त्याबरोबर डिव्हाइस मास्टर फाइल, प्लांट मास्टर फाइल, जोखीम व्यवस्थापनाची फाइल (आयएसओ १४९७१) आणि चाचणी अहवाल. मग कारखान्याची तपासणी, त्यातल्या त्रुटींची उत्तरं, आणि शेवटी एमडी-९. नियमात अर्जापासून ६० दिवसांत तपासणी आणि तपासणी अहवालानंतर ४५ दिवसांत निर्णय, असं लिहिलंय. प्रत्यक्षात मधे शंकापत्र येतं आणि घड्याळ थांबतं. त्यामुळे अर्ज नीट असेल तर सहा ते नऊ महिने मी उशीर म्हणणार नाही. शुल्क म्हणाल तर जागेचे ५०,००० रुपये आणि प्रत्येक उपकरणामागे १,००० रुपये. तेव्हा "निधीअभावी परवाना रखडला" असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

आता तो "किरकोळ बदल". ईएमसी म्हणजे बाहेरच्या विद्युत-चुंबकीय त्रासात उपकरण नीट चालतं का याची चाचणी, मानक आयईसी ६०६०१-१-२. यात पंपाला स्पर्शाने ८ किलोव्होल्ट आणि हवेतून १५ किलोव्होल्टपर्यंत स्थिर विजेचे झटके देतात. त्या वेळी औषध वाहणं गुपचूप थांबलं, वेग बदलला किंवा पंप आपोआप रीसेट झाला, तर नापास. नवख्या कंपन्या बहुतेक इथेच अडकतात. कीपॅडच्या कडेतून झटका आत शिरतो, आतलं ग्राउंडिंग कच्चं असतं आणि मोटर चालवणारा प्रोसेसर रीसेट होतो. उपाय दिसायला स्वस्त: कीपॅडखाली शील्ड, केबलवर फेराइट, बोर्डावर दोन-चार टीव्हीएस डायोड. पण बोर्ड बदलला की नवे बोर्ड मागवणं, जोडणी, पुन्हा प्रयोगशाळेची तारीख, गळती प्रवाहाची (लीकेज करंट) चाचणी परत, प्रवाहाच्या अचूकतेची आयईसी ६०६०१-२-२४ मधली चाचणी परत, आणि सॉफ्टवेअरला हात लागला असेल तर त्याचीही फेरतपासणी. बदल किरकोळ असला तरी चार-सहा महिने जातात.

तेव्हा पहिली दोन कारणं पटण्यासारखी आहेत. फक्त त्यांचा क्रम उलटा आहे. ईएमसी अहवालाशिवाय एमडी-७ चा अर्ज पूर्ण होत नाही. मग आधी "परवाना प्रक्रिया सुरू" आणि नंतर "ईएमसीत बदल" कसं? एकतर अर्ज अर्धवट टाकला होता, किंवा प्रक्रिया म्हणजे नुसतं एमडी-१३ होतं. हे विचारा.

युरोपाचं तूर्त डोक्यातून काढा. एमडीआरची (युरोपातले वैद्यकीय उपकरणांचे नवे नियम) मुदत २०२७-२८ पर्यंत वाढली ती जुनं प्रमाणपत्र असलेल्या उपकरणांसाठी. नव्या पंपाला थेट नवीन नियमांतून जावं लागतं, आणि नोटिफाइड बॉडीकडे (तिथली प्रमाणपत्र देणारी संस्था) दीड वर्ष सहज जातं.

चिकित्सक

एवढं कशाला हवं? एसएमईवरच्या निम्म्या मेडिकल कंपन्या म्हणजे डबा. एमओयू, एक्स्पो, प्रेफरेन्शियल वॉरंट (निवडक लोकांना पुढे शेअर घ्यायचा हक्क), आणि मग प्रवर्तकांचा लॉक-इन (शेअर विकायची बंदी) संपला की खेळ खल्लास. विका आणि मोकळे व्हा.

ताळेबंद

@चिकित्सक, वॉरंट आणि लॉक-इनच्या तारखा बघाव्यात हे बरोबर, पण "डबा" हा निष्कर्ष आकड्यांतून यावा. कंपनी प्रामाणिक असूनही विक्री दोन वर्षं लांबू शकते, आणि अप्रामाणिक असूनही वेळेवर "विक्री" दाखवू शकते. दुसरी जास्त धोक्याची.

धायरीकर, तुम्हाला लागणारं बरंचसं वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये (नोट्स) आहे. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ३ मध्ये २०२१ साली बदल झाल्यापासून तीन तक्ते द्यावेच लागतात.

पहिला, येण्यांचं वय: सहा महिन्यांच्या आत, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन, तीन वर्षांवर. वाद असलेली आणि नसलेली वेगळी. विक्री जागच्या जागी असताना येणी वाढली, तर वाढ कुठल्या रकान्यात आहे ते बघा. सहा महिन्यांच्या आतल्या रकान्यात असेल तर मार्चच्या शेवटी माल वितरकाच्या गोदामात ढकलल्याची शक्यता. एक ते दोन वर्षांच्या रकान्यात असेल तर जुनं सरकारी बिल अडकलेलं असू शकतं. दोन्ही वाईट, पण दोन्हीचा अर्थ वेगळा.

दुसरा, विकसित होत असलेल्या अमूर्त मालमत्तेचं वय. तुमचा मोठा आकडा इथेच आहे. या तक्त्याखाली आणखी एक छोटा तक्ता असतो: ज्या प्रकल्पाची मुदत किंवा खर्च मूळ आराखड्याच्या बाहेर गेलाय, तो कधी पूर्ण होणार. तीनदा विक्री पुढे ढकलणाऱ्या कंपनीत हा तक्ता भरलेला दिसलाच पाहिजे. "लागू नाही" लिहिलं असेल तर सांगायचं एक आणि लेखापरीक्षकाला दाखवायचं दुसरं, असा प्रकार आहे.

तिसरा तक्ता कॅपिटल वर्क इन प्रोग्रेसचा, तसाच वाचायचा. नवी असेंब्ली लाइन, क्लीन रूम वगैरे त्यात असेल.

एसएमई मंचावरच्या कंपन्यांना इंड-एएस (नवी लेखा मानकं) लागू नाही, जुनी मानकं (एएस) चालतात. एएस २६ प्रमाणे संशोधनाचा खर्च थेट नफ्या-तोट्यात जातो. विकासाचा खर्च मालमत्ता म्हणून धरायचा तर तांत्रिक शक्यता, पूर्ण करायला लागणारा पैसा, बाजारात मागणी वगैरे सहा अटी सिद्ध कराव्या लागतात. आणि अजून वापरात न आलेल्या अमूर्त मालमत्तेची वसूल होण्याजोगी किंमत दरवर्षी वर्षअखेरीस तपासावी लागते. छोट्या कंपन्यांत पगार, प्रवास, प्रदर्शनाचा खर्चसुद्धा या खात्यात कोंबलेला सापडतो. हिशेब साधा आहे: या वर्षी त्या खात्यात जेवढी भर पडली तेवढी करपूर्व नफ्यातून वजा करा. उरलेला आकडा ऋण निघाला तर नफा आहे म्हणणं कठीण.

आणखी एक तपासणी, जी कुणी करत नाही. मालसाठ्याची टीप उघडा आणि तयार माल, अर्धवट माल, कच्चा माल वेगळे बघा. नियमपुस्तक यांनी सांगितलेल्या एमडी-१३ वर चाचणी, प्रशिक्षण, प्रात्यक्षिक यांपुरताच माल बनवता येतो, विक्रीसाठी नाही. एमडी-९ ची तारीख ऑक्टोबरची आणि मार्चच्या ताळेबंदात पंपांचा तयार माल काही कोटींचा, असं दिसलं तर थेट प्रश्न विचारायचा. उलट "विक्री सहा आठवड्यांवर" असं सांगणाऱ्या कंपनीचा कच्चा माल वाढलेलाच नसेल, तर सहा आठवड्यांत पंप कशाचे बनणार? मोटर, लोड सेल, डिस्प्ले, बॅटरी आधी मागवाव्या लागतात.

बीएमई सोलापूर

निविदांच्या कारणाबद्दल लिहितो, कारण अर्धं खरं आणि अर्धं सोयीचं असं कारण ते आहे.

सरकारी खरेदीत नव्या पंपाला पहिला अडथळा किमतीचा नसतो. निविदेत सहसा मागच्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल, त्याच प्रकारची उपकरणं पूर्वी पुरवल्याचे दाखले आणि ती नीट चालत असल्याची प्रमाणपत्रं मागतात. पंप आजवर विकलेलाच नाही, तर दाखला आणणार कुठून? सूक्ष्म आणि लघु उद्योगांना अनामत रकमेत सूट असते, पण सूट मिळाली म्हणून तांत्रिक छाननीतून सुटका नाही. महाराष्ट्रात हाफकिन या सरकारी महामंडळाकडून खरेदी काढून २०२३ च्या कायद्याने वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आलं. यंत्रणा बदलली तरी मालाला पूर्वानुभव लागतोच. म्हणजे नव्या पंपाची पहिली विक्री खाजगी रुग्णालयांतच व्हायला हवी. पहिल्याच वर्षी सरकारी निविदांवर भिस्त ठेवणाऱ्या कंपनीला बाजार माहीत नाही, किंवा खाजगीत कुणी घेत नाही.

खाजगीत का घेत नाहीत, तेही सांगतो. मोठ्या कंपन्या पंप जवळजवळ फुकट ठेवतात आणि त्यांच्याच ट्यूबिंग सेटची खरेदी बांधून घेतात. कमाई सेटवर. तुमची कंपनी सेट स्वतः बनवते, की कुठलाही सेट चालतो म्हणते? "कुठलाही" म्हणत असेल तर अचूकतेची जबाबदारी कोण घेणार?

सिरिंज पंपात याहून बारीक भानगड आहे. वेगवेगळ्या ब्रँडच्या ५० मिलि सिरिंजचा आतला व्यास सारखा नसतो. पंप पुढे ढकलतो तो दट्ट्या, मिलिलिटर तो व्यासावरून मोजतो. पंपाच्या यादीत नसलेली सिरिंज लावली किंवा नर्सने चुकीचा ब्रँड निवडला की प्रवाह चुकतो, आणि पडद्यावर आकडा मात्र बरोबर दिसतो. म्हणून खरेदीआधी आम्ही बघतो ते हे: रुग्णालयात प्रत्यक्ष वापरात असलेल्या सिरिंज यादीत आहेत का, ताशी १ मिलि, ५ मिलि आणि १०० मिलिला विश्लेषकावर (पंपाचा प्रवाह मोजणारं यंत्र) अचूकता उत्पादकाने लिहिलेल्या मर्यादेत, साधारण ±५ टक्क्यांत, बसते का, नळी दाबून धरली तर अडथळ्याचा अलार्म किती वेळात येतो, आणि अडथळा सोडल्यावर साठलेलं औषध एकदम किती आत जातं. ताशी १ मिलिला अलार्म यायला चांगल्या पंपालाही बराच वेळ लागतो. पण सुटल्यावरचा लोंढा मोठा असेल तर नॉरअ‍ॅड्रेनॅलिन (रक्तदाब वाढवणारं औषध) चालू असलेल्या रुग्णाचा रक्तदाब एकदम वर जाईल. अतिदक्षता विभागाचे डॉक्टर असा पंप पुन्हा हातात धरत नाहीत.

चाचणीला पाच-दहा पंप एका आयसीयूत महिना-दीड महिना ठेवतात. कंपनीला विचारा: असे पंप किती रुग्णालयांत ठेवले, किती परत आले, आणि परत का आले. विक्रीच्या अंदाजापेक्षा या तीन आकड्यांतून जास्त कळेल.

पैशाचंही बघा. सरकारी बिलाचा मोठा हिस्सा माल पोचल्यावर, उरलेला बसवून चालू केल्याच्या दाखल्यावर. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल गेला आणि जिल्ह्यातल्या रुग्णालयाने दाखल्यावर सही केली नाही तर येणी पुढच्या वर्षात लोंबकळतात. कंपनी सूक्ष्म किंवा लघु असेल तर ४५ दिवसांनंतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज कायद्याने मागता येतं. पण ज्या खात्याकडे पुढची निविदा भरायची त्याच्यावर व्याजाचा दावा लावणारा पुरवठादार विरळा.

नियमपुस्तक

वरच्या २,००० पंपांच्या कराराबद्दल राहिलं. सेबीच्या परिपत्रकाप्रमाणे ऑर्डरची घोषणा करताना देणाऱ्याचं नाव, मुख्य अटी, अंमलबजावणीचा काळ, रक्कम, आणि प्रवर्तकांचं त्यात हितसंबंध आहे का, हे सांगावं लागतं. सामंजस्य करार म्हटलं की यातलं बरंच वगळायला वाव मिळतो. आगाऊ रक्कम आली का? किमान खरेदीची अट आहे का, आणि ती न पाळल्यास दंड? वितरकाकडे उपकरणं विकायची नोंदणी (एमडी-४२) आहे का? शेवटचं 'नाही' असेल तर तो करार भिंतीवर लावायचा.

सातासमुद्रापार

परवाना आला की विक्री येतेच, असं धाग्यात गृहीत धरलं जातंय म्हणून एक उदाहरण. ट्रान्सएन्टेरिक्स ही अमेरिकेतली शस्त्रक्रियेच्या रोबोची नोंदणीकृत कंपनी. एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्यांच्या सर्जिबॉट या रोबोचा ५१०(के) अर्ज (विक्रीच्या मंजुरीचा) फेटाळला आणि शेअर कोसळला. नंतर इटलीहून घेतलेल्या सेनहान्स या दुसऱ्या रोबोला ऑक्टोबर २०१७ मध्ये मंजुरी मिळाली, सगळे खूश. २०१८ मध्ये १५ यंत्रं विकली गेली. २०१९ मध्ये ४. महसूल २ कोटी ४१ लाख डॉलरवरून ८५ लाखांवर. डिसेंबर २०१९ मध्ये १३ शेअरचा एक करायची वेळ आली. उपकरण मंजूर होतं. रुग्णालयांनी आधीच दुसऱ्या कंपनीचे रोबो घेऊन ठेवले होते, शल्यचिकित्सक त्यावर शिकलेले होते, आणि दुसरं यंत्र घ्यायला त्यांच्याकडे कारण नव्हतं.

पंप त्यामानाने स्वस्त आणि सोपा, पण बीएमई म्हणतात तो सेटचा मुद्दा याच जातीचा आहे.

अवांतर: कंपनी (अमेरिकेच्या) "एफडीए रजिस्टर्ड" म्हणत असेल तर त्याचा मंजुरीशी संबंध नाही. कारखान्याची नोंदणी शुल्क भरून कुणालाही होते. मंजुरी असेल तर 'के' ने सुरू होणारा क्रमांक असतो आणि तो एफडीएच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतो.

धायरीकर

सगळ्यांचे आभार. इथले प्रश्न घेऊन कंपनी सचिवांना मेल केला होता, त्यातल्या तीनांची उत्तरं आली. एमडी-९ आहे, पण फक्त सिरिंज पंपाचा. इन्फ्युजन पंपाचा अर्ज "प्रक्रियेत". वितरकाकडून आगाऊ रक्कम नाही. पंप चाचणीसाठी किती रुग्णालयांत ठेवले, यावर "व्यावसायिक गोपनीयता". गेल्या वार्षिक अहवालात मुदत ओलांडलेल्या प्रकल्पांचा तक्ता शोधला, तिथे "लागू नाही" आहे.

ताळेबंद

मग चित्र अर्धं स्पष्ट झालं. सिरिंज पंपाचा परवाना खरा असेल तर तो घोटाळा नव्हे. पण आयपीओच्या वेळच्या योजनेत दोन्ही पंप होते आणि हातात एकच आहे, हे कंपनीने आपणहून सांगितलेलं नाही. परवान्याची प्रत मागा आणि मॉडेलचं नाव जाहिरातीतल्या मॉडेलशी जुळतं का बघा.

पुढे दोन कागद. पहिला, आयपीओच्या पैशाच्या वापरातल्या तफावतीचं निवेदन (सेबीच्या नोंदणीकृत कंपन्यांसाठीच्या नियमांतला नियम ३२), एसएमई कंपन्यांना ते सहामाहीला द्यावं लागतं. इन्फ्युजन पंपासाठीचा पैसा "वर्किंग कॅपिटल"कडे सरकलाय का ते त्यात दिसेल. उद्दिष्टच बदलायचं असेल तर कंपनी कायद्याच्या कलम २७ प्रमाणे विशेष ठराव लागतो आणि विरोध करणाऱ्या भागधारकांना बाहेर पडायची संधी द्यावी लागते. दुसरा कागद म्हणजे रोखप्रवाह पत्रक. सहामाही निकालासोबत येतं. कामकाजातून आलेली रोख सलग दोन सहामाही ऋण आणि बँकेत उरलेली रक्कम वर्षभराच्या खर्चाहून कमी, असं असेल तर पुढची घोषणा वॉरंटची असेल.

"लागू नाही"वरचा प्रश्न वार्षिक सभेत लेखापरीक्षकांना उद्देशून लेखी विचारा. सभा साधारण सप्टेंबरअखेरपर्यंत होते. नोटिशीत दिलेल्या पत्त्यावर, दिलेल्या मुदतीत, डीमॅट क्रमांकासह मेल करायची. आयत्या वेळी चॅटमध्ये टाकलेला प्रश्न वाचला जात नाही.

सरासरीचं म्हणाल तर इमर्जवर पूर्ण लॉटच घ्यावा लागतो, आणि विकतानाही पूर्ण लॉटच. बाहेर पडायला गर्दी झाली की समोर फक्त मार्केट मेकर (खरेदी-विक्रीचे भाव देत राहायचं बंधन असलेला दलाल) उरतो, आणि त्याचंही बंधन नोंदणीपासून तीन वर्षांचं. ती तारीख बघून ठेवा. इन्फ्युजन पंपाचा एमडी-९ आणि नव्या पंपाची खाजगी रुग्णालयातली पैसे आलेली पहिली बिलं, हे दोन्ही दिसेपर्यंत मी तरी एक लॉटही वाढवणार नाही.

चिकित्सक

म्हणजे विका असंच ना? तीन पानं लिहून.

बीएमई सोलापूर

नाही हो. सिरिंज पंपाचा परवाना असेल तर आमच्याकडच्या कुठल्याही बायोमेडिकल इंजिनिअरला तो मागवून तपासता येईल. धायरीकर, मॉडेलचं नाव व्यनि करा. सिरिंजची यादी आणि अडथळा सुटल्यावरचा लोंढा, एवढं तरी माहितीपुस्तिकेवरून सांगता येईल. आयईसी ६०६०१-२-२४ प्रमाणे उत्पादकाने ते त्यात छापायलाच हवं.